एकोणीस टनांचं बिऱ्हाड

हवा भरू दे

“अजून आत येऊ नकोस, आधी हवा भरू दे,” दादा म्हणाला. मी पायरीवर एक पाय ठेवून तशीच उभी राहिले. चाळीस फूट मागे इंजिन सुरू झालं होतं, शेडचे पत्रे थरथरत होते आणि पुढे डॅशबोर्डवर एक बझर कानठळ्या बसवत होता. दादाची नजर एका तबकडीवर. काटा तीसवर. चाळीस. पन्नास. साठ ओलांडल्यावर बझर गप्प झाला. शेजारच्या सीटवर वहिनी मांडीवर वही घेऊन मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या. काटा एकशेवीसला टेकला आणि गाडीच्या पोटाखालून ‘फस्स्’ असा आवाज आला.

“सात मिनिटं चाळीस,” वहिनींनी लिहिलं. “रात्री एकशेवीसवर सोडली होती, सकाळी तीस. परवा पंचेचाळीस होती. हवा कुठूनतरी जातेय बरं का.”

तो ‘फस्स्’ माझ्या ओळखीचा. पहाटे स्वारगेटला गाडी फलाटाला लागली की असाच सुस्कारा टाकते. फक्त ही एसटी नव्हती. आत गडद तांबड्या रंगाचा सोफा होता, छताला आरसे होते, ओट्याखाली बर्फ पाडायचं यंत्र होतं, आणि अंघोळीला टब होता. १९८८ सालची ‘वाँडरलॉज’. नवी होती तेव्हा अमेरिकेतल्या चांगल्या घराहून महाग. दादानं ती घेतली एका मध्यम मोटारीच्या किमतीत. आता एवढी स्वस्त का मिळाली, हे कळायला मला तीन आठवडे लागले. दादाला तीन वर्षं लागली होती.

संपादकांनी या वर्षीच्या अंकाचा विषय कळवला होता ‘दुरुस्ती’. त्यांच्या डोळ्यांसमोर कल्हईवाले, घड्याळजी, छत्र्या नीट करणारे असणार. मी म्हटलं, माझा मावसभाऊ, म्हणजे हा दादा, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जुन्या आलिशान मोटर-होमखाली दिवसचे दिवस पाठीवर झोपलेला असतो, त्याच्याकडे जाऊन येते. फोनवर पलीकडे थोडी शांतता. मग, “आलिशान गाडीची कसली आली दुरुस्ती?” हाच प्रश्न घेऊन मी विमानात बसले.

दापोडी आणि फोर्ट व्हॅली

माझे वडील एसटीत होते. म्हणजे ड्रायव्हर-कंडक्टर नव्हे. पुण्याच्या दापोडी वर्कशॉपमध्ये, बॉडी सेक्शनला. टाटा किंवा लेलँडची नुसती चॅसी यायची, स्टिअरिंग आणि ड्रायव्हरपुरतं एक फळकूट घेऊन. तिच्यावर सांगाडा चढायचा, सांगाड्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे, आणि पत्र्यांवर रिव्हेट. रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात, एक बाहेरून गन घेऊन, दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा दाबून. त्या ठोकळ्याला डॉली म्हणतात. वडील डॉली धरणारे. म्हातारपणी त्यांना उजव्या कानानं कमी ऐकू यायचं, ते त्याचंच.

म्हणून दादाच्या गाडीला बाहेरून चक्कर मारताना माझं लक्ष काचांकडे किंवा रंगाकडे गेलंच नाही. आधी दिसल्या रिव्हेटच्या ओळी. सरळ, सारख्या अंतराच्या. मी बोट फिरवून बघितलं. दादा हसला. “मावशीचे यजमान असते तर त्यांनीही हेच केलं असतं. अगं, ही बसच आहे. स्कूलबस बनवणाऱ्यांनी बनवलेली.”

गोष्ट अशी आहे. जॉर्जियातल्या फोर्ट व्हॅली या गावाच्या परिसरात अल्बर्ट ल्यूस नावाचे एक फोर्डचे डीलर होते. हा पीच फळांचा मुलूख, त्या जिल्ह्याचं नावच पीच कौंटी. एका गिऱ्हाइकाला आपल्या कामगारांची ने-आण करायला बस हवी होती. ल्यूसनी फोर्डच्या चॅसीवर लाकडी बॉडी बसवून दिली. रस्ते खडबडीत. गिऱ्हाइकाचे हप्ते फिटायच्या आत बॉडी खिळखिळी झाली. तेव्हा १९२७ साली ल्यूसनी स्वतःच पोलादी सांगाड्याची बस बांधली. तीच ‘ब्लू बर्ड’ची पहिली बस, आज डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये ठेवलेली आहे. पुढे अमेरिकेतल्या पिवळ्या स्कूलबसेसमधलं हे मोठं नाव झालं. आणि १९६० च्या दशकात याच कंपनीनं, मुलांसाठी जो सांगाडा बांधत होतो त्याच्याच आत एक घर बसवायला घेतलं. त्याचं नाव वाँडरलॉज.

बाकीच्या बहुतेक मोटर-होमच्या भिंती म्हणजे फायबरग्लासचा पातळ थर, मध्ये फोम, आत प्लायवूड. कोरड्या आहेत तोवर देखण्या. एकदा का आत पाणी शिरलं की थर सुटतात आणि भिंतीला फोड येतात. वाँडरलॉजच्या अंगाला फोड येत नाहीत, पोलादाला फक्त गंज येतो. दादाच्या मते गंज हा प्रामाणिक रोग आहे, दिसतो तरी. यावर वहिनींचं मत वेगळं आहे, ते पुढे येईल.

ही गाडी बनायची थांबली २००० च्या दशकाच्या शेवटी. कंपनी आहे, फोर्ट व्हॅलीतच आहे, स्कूलबसेस बनवते, विजेवर चालणाऱ्यासुद्धा. पण वाँडरलॉज मागे उरली ती मालकांच्या ताब्यात, त्यांच्या शेडांमध्ये आणि त्यांच्या वह्यांमध्ये.

चाळीस नंबरचं ऑइल

जुनी मोटर-होम घेताना लोक आधी आत शिरतात. सोफ्यावर बसून बघतात, कपाटं उघडतात, पलंग दाबतात. दादानंही तेच केलं होतं. आता कुणी सल्ला विचारायला आलं तर तो त्याला आधी टायरपाशी गुडघ्यावर बसवतो. टायरच्या बाजूला एका चौकटीत चार आकडे असतात. ३४१९ म्हणजे २०१९ सालचा चौतिसावा आठवडा, टायरची जन्मतारीख. ट्रकचे टायर घासून बाद होतात. मोटर-होमचे उभ्या उभ्या, उन्हानं तडकून म्हातारे होतात. नक्षी नवीकोरी, आणि हायवेवर शंभराच्या वेगात पुढचा टायर फुटतो. या गाडीला आठ टायर, एकेक पाचशे डॉलरच्या पुढे. दादानं पहिल्याच महिन्यात आठही बदलले. गाडी घेतल्याच्या आनंदात वहिनींनी आणलेले पेढे अजून फ्रिजमध्ये होते म्हणे.

मग इंजिन. ‘डेट्रॉइट डिझेल ८व्ही९२’. आठ सिलिंडर, प्रत्येक ९२ घनइंचांचा, एकूण बारा लिटर. ट्रकवाल्यांनी हिला ‘किंचाळणारी जिमी’ असं नाव ठेवलं होतं, आणि ते खरंच आहे. हे टू-स्ट्रोक डिझेल. आपल्या लेलँडमध्ये सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, इथे प्रत्येक फेरीत पेटतो. त्यामुळे दोन हजार फेऱ्यांना कानाला चार हजारांचा भास होतो. पूर्वी रस्त्यावर हजारोंनी होती. प्रदूषणाचे नियम कडक झाले तशी नव्वदच्या दशकात या इंजिनांची सद्दी संपली.

हिला ऑइल लागतं ते एसएई ४०. सरळ, एकाच ग्रेडचं. आजच्या प्रत्येक डिझेल गाडीत चालणारं १५डब्ल्यू-४० हिला सोसत नाही. दादा एकदा हायवेवरच्या एका मोठ्या गॅरेजात ऑइल बदलायला गेला. काउंटरवरच्या मुलानं काँप्युटरमध्ये शोधलं, सापडलं नाही, म्हणून ‘सगळ्यांना चालतं ते’ भरायला निघाला. दादानं त्याच्या हातातलं नरसाळं धरलं. तेव्हापासून ऑइल घरी, शेडमध्येच. मला मात्र ‘चाळीस नंबर’ म्हटल्यावर आजोळच्या विहिरीवरचं इंजिन आठवलं. त्याच्याशेजारी चाळीस नंबरचा डबा असायचा, आणि खाली जमिनीवर कायमचा काळा डाग. इथेही डाग आहे. शेडमध्ये इंजिनाखाली बेकरीचे मोठे ट्रे मांडून ठेवलेले असतात. जुने मेकॅनिक म्हणतात, डेट्रॉइट गळायची थांबली तर खूश होऊ नये, ऑइल संपलं असेल.

मायलेज विचारायचं नसतं, पण मी एसटीवाल्याची मुलगी. एसटीत ‘केपीटीएल’ मोजतात, दहा लिटरला किती किलोमीटर. आमच्याकडे पन्नासच्या खाली आलं की डेपो मॅनेजरच्या कपाळाला आठी. दादाचं केपीटीएल एकवीस. वहिनींनी वहीत प्रत्येक वेळी लिहिलंय, लाल शाईनं. त्या पंधरा वर्षं बँकेत होत्या. डाव्या पानावर तारीख आणि बिघाड, उजव्या पानावर खर्च आणि ‘कुणी सांगितलं’. हा शेवटचा रकाना मला फार आवडला. ‘फ्लोरिडाचे आजोबा’, ‘टेक्ससची विमानवाली’, ‘आपण स्वतः’.

प्लायवूडचा तुकडा

‘कुणी सांगितलं’ या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा येणारे गृहस्थ मी तिथे असताना येऊन गेले. सत्तरीच्या पुढचे, जुना पिकअप, दारातच बूट पुसणारे. उमेदीच्या काळात त्यांनी ट्रकच्या वर्कशॉपमध्ये हीच इंजिनं खोलली-जोडली. हल्लीच्या मेकॅनिकांचा हात लॅपटॉप जोडल्याशिवाय चालत नाही, आणि या इंजिनाला लॅपटॉप जोडायला जागाच नाही. त्यामुळे आसपासच्या जुन्या गाड्यांच्या मालकांत यांची तारीख मिळणं म्हणजे लग्नसराईत आचाऱ्याची तारीख मिळण्यासारखं.

त्यांनी इंजिन सुरू करायला सांगितलं आणि काहीच केलं नाही. टोपी काढून पाच मिनिटं उभे राहिले. मग एका बाजूकडे बोट दाखवून म्हणाले, “डावीकडचे जरा जास्त काम करताहेत. बाकीचे फुकट पगार घेताहेत.”

व्हॉल्व्हचं झाकण काढलं. आतली रचना बघून मी थक्क झाले, कारण ती मला समजली. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एक इंजेक्टर, प्रत्येकाला एक बारीक दातेरी पट्टी. पट्टी आत-बाहेर सरकते तसं डिझेल कमी-जास्त होतं. एका बाजूच्या सगळ्या पट्ट्या एका लांब दांड्याला जोडलेल्या आणि दांडा गव्हर्नरच्या ताब्यात. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच प्रमाणात सरकायला हवं. काही वर्षांनी स्क्रू ढिले होतात आणि एकेकजण आपापल्या चालीनं चालायला लागतो.

इंजेक्टरची उंची लावायला त्यांच्याकडे एक गेज होतं. टाचणीसारखी सळई आणि तिला आडवं डोकं, पेन्सिलीपेक्षा लहान. इंजेक्टरच्या अंगावरच्या भोकात सळई उभी करायची आणि डोकं हलकेच इंजेक्टरच्या माथ्यावरून फिरवायचं. माथ्यावर ऑइलचा पातळ थर असतो. डोक्यानं तो थर पुसला जायला हवा, पण धातूला धातू अडखळता कामा नये. पुसलं नाही तर खाली, अडखळलं तर वर. त्यांनी मला करून बघायला दिलं. मला पहिल्या तीन वेळा फरकच कळला नाही. चौथ्यांदा बोटांना कळलं, काजळ पुसल्यासारखं. “झालं,” ते म्हणाले, “आता उरलेले सात.”

सगळं जुळवून झाल्यावर त्यांनी हवेच्या फिल्टरकडून येणारा जाड नळ सोडवला, एक जाडजूड प्लायवूडचा तुकडा घेतला आणि दादाला त्या उघड्या तोंडापाशी उभं केलं. मला पाच पावलं मागे. पेट्रोलच्या गाडीची किल्ली बंद केली की ठिणगी जाते आणि गाडी थांबते. डिझेलला ठिणगी नसतेच. एखादी पट्टी पूर्ण डिझेल सोडणाऱ्या जागी अडकली, तर इंजिन वेग वाढवत सुटतं आणि किल्ली, पेडल, देव, कुणाचंच ऐकत नाही. फुटेपर्यंत. उपाय एकच, श्वास कोंडायचा. या इंजिनांवर त्यासाठी आणीबाणीची झडप असते, पण ती आपटली की हवा आत ढकलणाऱ्या ब्लोअरची सीलं खराब होण्याची भीती. म्हणून जुळवणीनंतर पहिल्यांदा सुरू करताना जुनी माणसं हातात फळी ठेवतात. “हात नाही हं लावायचा,” त्यांनी बजावलं. “हात ओढून घेते ती. फळीच.”

किल्ली फिरली. दादा फळी घेऊन, पाय रोवून, चेहरा असा की समोरून बैल येतोय. इंजिन खोकलं, मग एकदम खालच्या, एकसारख्या सुरात लागलं. दोन मिनिटं कुणी हललं नाही. मग म्हाताऱ्यांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. त्यांनी पैसे सांगितले ते त्या कामाच्या मानानं इतके कमी होते की वहिनींनी न बोलता दुप्पट दिले आणि सोबत डब्यात शंकरपाळे. उजव्या पानावर तेही लिहिलं.

ट्रकच्या दुकानात मिळणारं आणि न मिळणारं

पार्टचं काय करता, असं मी विचारलं. दादाच्या हिशेबी त्याचे दोनच प्रकार. ब्रेक चेंबर, एअर ड्रायरचं काडतूस, हवेचा गव्हर्नर, बेअरिंग, सील, बेलोज हे सगळं ट्रकचं. कुठल्याही ट्रकच्या दुकानात जा, नंबर सांगा, काउंटरवर येतं. फक्त ‘मोटर-होमला हवंय’ असं म्हणायचं नाही. तसं म्हटलं की किंमत वाढते नाहीतर समोरचा हात झटकतो. जुना पार्ट पुसून कागदात गुंडाळून न्यायचा आणि ‘असाच द्या’ म्हणायचं.

दुसरा प्रकार, न मिळणारं. पुढची वळणदार काच. दिव्याभोवतीची चौकट. डॅशबोर्डवरचं एखादं बटण. अशा गाडीसोबत मालकाला जाडजूड पुस्तकं मिळालेली असतात, वायरींवर नंबर छापलेले असतात, त्यामुळे शोध लागतो, वस्तू लागत नाही. कुणाची गाडी भंगारात निघाली की बातमी पसरते आणि चार राज्यांतले मालक पाने घेऊन पोचतात. दादाच्या शेडमध्ये मागच्या भिंतीशी एक जादा काच उभी आहे, वहिनींच्या दोन जुन्या दुलयांत गुंडाळलेली. ती ज्या गाडीची होती तिच्या मालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या. काच उतरवताना त्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि दर थोड्या वेळानं म्हणत होत्या, “सावकाश.”

न्यूट्रल

माझ्या मते या गाडीतली सगळ्यात घातकी गोष्ट इंजिन नव्हे, वीज आहे. इंजिन ओरडून सांगतं. वीज सांगत नाही.

गाडीत वीज तीन वाटांनी येते. बॅटऱ्यांची बारा व्होल्टची, जिच्यावर दिवे आणि पाण्याचा पंप. स्वतःच्या डिझेल जनरेटरची. आणि कॅम्पग्राउंडला लागली की खांबावरून जाड केबलनं, पन्नास अँपियरची. त्या प्लगला चार काटे. दोन गरम वायरी, एक न्यूट्रल, एक अर्थिंग. प्रत्येक गरम वायर आणि न्यूट्रल यांच्यात १२० व्होल्ट, दोन गरम वायरींमध्ये २४०. सगळा समतोल त्या एका न्यूट्रलवर उभा.

आपल्याकडच्या वाचकाला पुढचं सांगायची गरज नाही. वाड्यात एखाद्या संध्याकाळी अचानक एका बिऱ्हाडाचे दिवे पिवळे पडायचे, दुसऱ्याचे डोळे दिपवायचे, आणि चौकातून कुणीतरी ओरडायचं, “न्यूट्रल गेला! टीव्ही बंद करा!” इथे तेच, फक्त एका गाडीच्या पोटात. न्यूट्रल ढिला असेल तर एका बाजूला १२० च्या जागी १८० जाऊ शकतात. एका कॅम्पग्राउंडवर, रात्री अकराला, दादाच्या गाडीत अगदी हेच झालं. खांबावरचा सॉकेट वर्षानुवर्षं भरल्या भारावर काढघाल करून जळून सैल झाला होता. मायक्रोवेव्ह, बॅटरी चार्जर आणि एक एसी, तिन्ही अर्ध्या मिनिटात गेले. वहिनी सांगतात, “आधी वास आला. मग मी मीटर बघितला.”

आता नियम असा. गाडी लागली की वहिनी आधी खाली उतरतात, हातात मल्टिमीटर. खांबाचा स्विच बंद, झाकण उघडून वास घ्यायचा, हो, नाकानं. मग स्विच चालू करून दोन्ही वायरी न्यूट्रलशी मोजायच्या, मग एकमेकींशी. मग प्लग आणि गाडी यांच्यामध्ये एक संरक्षक डबा, जो व्होल्टेज बिघडलं की आपणहून तोडतो. हे सगळं होईपर्यंत आत चहा नाही. मी एकदा म्हटलं, “वहिनी, तुम्ही अगदी वायरमन झालात.” त्या म्हणाल्या, “तुमच्या दादांनी घर घेतलं असतं तर घरमालकीण झाले असते.”

फ्रिजचीही अशीच कथा. मूळचा फ्रिज कंप्रेसरचा नव्हता, उष्णतेवर चालणारा होता. १९२२ साली स्वीडनमधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी काढलेली युक्ती. नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन, खालून आच, वर थंडी, आणि हलणारा भाग एकही नाही. पण द्रव उतरतो तो केवळ स्वतःच्या वजनानं, म्हणून गाडी समतल हवी. तिरकी उभी ठेवून फ्रिज चालू राहिला तर द्रव तुंबतो, नळ्या तापतात, गंज टाळायला घातलेला क्षार आतच थिजतो, आणि एक दिवस मागे पिवळी भुकटी आणि अमोनियाचा झणका. वहिनी गवंड्याची पाणसळ घेऊन फिरायच्या. शेवटी तो फ्रिज गेलाच, आता साधा घरगुती कंप्रेसरचा आहे. “दही लागतं नीट,” एवढंच त्या म्हणाल्या.

पाणी कुठून येतं

मैल्याच्या टाकीबद्दल एकच वाक्य लिहिते, कारण ते कळल्यावर प्रत्येक नवा मालक डोक्याला हात लावतो: कॅम्पवर नळी जोडून टाकीचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवायचा नसतो, पाणी वाहून जातं आणि उरलेलं आत वारुळासारखं साठतं. पुढची कल्पना वाचकांनी करावी. दादानं ती करायची वेळ आणली नव्हती, आधीच्या मालकानं आणली होती.

पावसाचं पाणी हे मात्र दीर्घ प्रकरण. गंज दिसतो म्हणून प्रामाणिक, असं दादा म्हणतो. वहिनी म्हणतात, दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. मागच्या पलंगाच्या कोपऱ्यात एका पावसाळ्यात फळी मऊ लागली. दादानं त्या कोपऱ्यावरच्या खिडकीला तीन वेळा सीलंट लावलं. पाणी येतच राहिलं. आपल्या कोकणातल्या माणसानं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, कौल फुटतं एकीकडे आणि थेंब पडतो दुसरीकडे.

शेवटी पद्धतशीर शोध घेतला. एकजण आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर पाण्याची नळी घेऊन. सुरुवात खालून. आधी फक्त खिडकीच्या खालची कड, दहा मिनिटं. मग बाजूची. मग वरची. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. खिडकी निर्दोष सुटली. मग छत. मधल्या एसीपाशी पाणी सोडलं आणि पाच मिनिटांनी आतून वहिनींची हाक आली. एसीखालची रबरी गॅस्केट पस्तीस वर्षांत पापडासारखी झाली होती. पाणी तिथून शिरून छताच्या कमानीवरून, वायरींच्या सोबतीनं, बारा फूट मागे चालत जात होतं. गॅस्केट स्वस्तातली. मागचं कपाट उतरवणं, फळी बदलणं, कमान घासून गंजरोधक लावणं आणि सगळं परत बसवणं, अकरा दिवस.

ते कपाट परत बसवलेलं मी बघितलं. सांधा कुठे आहे ते दादानं दाखवल्यावरही दिसत नाही. मला या गाडीतलं खरं ऐश्वर्य काय वाटलं तर हे. आरसे आणि टब हे त्या काळातल्या श्रीमंतांचे लाड. पण प्रत्येक कपाट स्क्रूवर आहे, खिळ्यावर नाही. प्रत्येक पॅनेलच्या मागे हात जाईल एवढी जागा आहे. बांधणाऱ्यानं बांधतानाच गृहीत धरलं होतं की कधीतरी कुणीतरी हे उघडणार आहे. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये नळाची गळती शोधायला टाइल फोडावी लागली होती.

साबणाचं पाणी

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही हवेच्या मागे लागलो. गाडी हवा भरलेल्या रबरी बेलोजवर उभी असते. ब्रेकही हवेचे, आणि पार्किंग ब्रेक तर उलटा, स्प्रिंगनं आवळलेला, हवा आली की सुटणारा. त्यामुळे हवा नाही म्हणजे गाडी जागची हलत नाही, आणि रात्रभरात हवा गळली की सकाळी एका अंगावर बसलेली असते, उंटासारखी.

दादानं आधी चॅसीखाली रेल्वेच्या स्लीपरएवढे लाकडी ठोकळे लावले. यात तडजोड नाही. एकोणीस टन हवेवर तोललेले आहेत, खाली माणूस असताना एखादी नळी निसटली तर बॉडी फूटभर खाली येते. ठोकळे लागल्यावरच आम्ही सतरंजीवर पाठ टेकली. वहिनींनी भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून दिला आणि रंगाचा एक जुना ब्रश.

प्रत्येक सांधा. ब्रश फिरवायचा, टॉर्च धरायचा, दहापर्यंत मोजायचं. कंप्रेसरपासून ड्रायर, ड्रायरपासून टाक्या, टाक्यांपासून व्हॉल्व्ह. दीड तास काही नाही. अंगावर साबण, केसांत ग्रीस. मग मागच्या डाव्या बाजूला, उंची सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हपाशी, एका पितळी नटाच्या कडेला फेस आला. बुडबुडा नव्हे, अगदी बारीक फेस, दुधावर येतो तसा. “सापडली,” दादा कुजबुजला, जणू मोठ्यानं बोललं तर ती पळून जाईल.

नट सोडवला. नायलॉनची नळी वयानं कडक होऊन टोकाला चिरली होती. टोक सरळ कापलं, नवीन फेरूल, म्हणजे नळीभोवती आवळलं जाणारं बारीक कडं, घातली, नट हातानं आणि मग पान्यानं पाव फेरी. फार आवळायचा नाही, वडील सांगायचे, पितळ रागावतं. मी हे मोठ्यानं म्हणाले असेन, कारण दादा थांबला आणि म्हणाला, “मग तूच आवळ.” मी आवळला. परत साबण. फेस नाही.

रात्री इंजिन चालवून काटा एकशेवीसला नेला आणि झोपलो. सकाळी साडेसहाला वहिनी स्वेटर घालून शेडमध्ये आल्या, पायरी चढल्या आणि किल्ली अर्धी फिरवली. काटा हलला आणि थांबला. पंच्याण्णव.

“तिसावरून पंच्याण्णव,” मी म्हटलं. मला भलताच आनंद झाला होता.

वहिनींनी लिहिलं. डाव्या पानावर तारीख आणि ९५. उजव्या पानावर फेरूल, एक डॉलर वीस. ‘कुणी सांगितलं’ या रकान्यात जरा थांबल्या आणि माझ्याकडे बघून लिहिलं, ‘दापोडी’.

मग वही मिटायच्या आधी खाली अजून एक ओळ: ‘एकशेवीस नाही. अजून एक असणार.’ आणि दादाला हाक मारली, “अहो, सतरंजी वाळत घालू नका इतक्यात.”